घरची गाडी घरी, हौसेची वेगळी : दुसरी जुनी स्पोर्ट्स कार घेऊन मॉडिफाय करायची असेल तर आधी हे वाचा

ऊसबिल जमा झालं, रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला आला किंवा पोरगं पुण्याला कंपनीत लागलं, की दारात पहिली गाडी येते. ती घरच्यांसाठी असते. दवाखाना, लग्नकार्य, तालुक्याचा बाजार, देवदर्शन, सगळं तिच्यावरच. आता मात्र आपल्या भागातल्या पोरांच्यात दुसऱ्या गाडीची चर्चा जोरात आहे. जुनी पोलो जीटी बघायची, फियाटची लिनिया टी-जेट शोधायची, पैसा जरा जास्त असला तर स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस. मग तिचा टर्बो, सायलेन्सर, सस्पेन्शन, इंजिनचं प्रोग्रॅमिंग बदलून ती पळवायची. मोबाईलवर असले रील दिवसाला दहा येतात. रीलमध्ये आवाज आणि धूर दिसतो, गॅरेजचं बिल नि आरटीओचा कागद कुणी दाखवत नाही.

या हौसेला नावं ठेवायला हा लेख नाही. हौसेला मोल नसतं हे आपण बैलगाडा शर्यतीवाल्यांकडं बघून पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. पण लाखो रुपये नि घरातल्या पोराचा जीव अशा दोन्ही गोष्टी यात अडकलेल्या असतात. म्हणून गाडी बघायला निघण्याआधी काय माहीत असावं, ते सोप्या भाषेत मांडतो.

दुसरीच गाडी का?

शर्यतीचा बैल कुणी औताला जुंपत नाही. त्याचा खुराक वेगळा, सराव वेगळा, गोठ्यातली जागाही वेगळी. मॉडिफाय केलेल्या गाडीचं तंतोतंत तसंच असतं. इंजिनमधून जास्त ताकद काढली की ते इंजिन जास्त तापतं, तेल लवकर खराब होतं, क्लच लवकर जातो. गाडी महिन्यातले आठ-दहा दिवस गॅरेजला उभी राहणार हे धरूनच चालायचं. अशा वेळी घरात तीच एक गाडी असेल आणि रात्री अकराला आईला दवाखान्यात न्यायचं झालं, तर काय करणार? गॅरेजवाला म्हणणार, पार्ट कुरिअरनं येतोय, परवा मिळेल.

म्हणून नियम सोपा. घरची गाडी कंपनीनं दिली तशीच ठेवायची, तिला हातसुद्धा लावायचा नाही. प्रयोग करायचे ते दुसऱ्या गाडीवर. आणि दुसऱ्या गाडीसाठी पीककर्ज उचलायचं नाही की सोनं गहाण टाकायचं नाही. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज नव्या गाडीपेक्षा जास्त पडतं, आणि मॉडिफिकेशनवर घातलेला पैसा विकताना परत येत नाही. पाच लाखांची गाडी घेऊन तिच्यावर चार लाख घातले म्हणून नऊ लाखाला कुणी घेत नसतं. उलट गिऱ्हाईक बिचकतं, की हिला किती ताणलीय कुणास ठाऊक.

ताकद येते कुठून?

आपल्याकडचा ४५ एचपीचा ट्रॅक्टर नि १०५ पीएसची पोलो जीटी शेजारी उभी केली तर इंजिन कुणाचं मोठं? ट्रॅक्टरचं. पोलो जीटी टीएसआयचं इंजिन अवघं १.२ लिटरचं. मग एवढी ताकद आली कुठून? ट्रॅक्टरचं इंजिन साधारण दोन हजार आरपीएमला काम करतं, गाडीचं पाच हजाराला. ताकद म्हणजे ओढ गुणिले फेरे. ट्रॅक्टरची ओढ दांडगी पण फेरे कमी, गाडीचे फेरे जास्त. हे एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं कळतं.

इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंपच. जेवढी हवा आत जाईल तेवढं पेट्रोल जाळता येतं. पेट्रोल नीट जळायला वजनानं १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते. नुसतं पेट्रोल जास्त सोडून ताकद वाढत नाही, काळा धूर तेवढा निघतो. तोल मारणाऱ्या ट्रॅक्टरचा पंप वाढवला की काय होतं ते बघितलेलं असेलच. म्हणून खरा प्रश्न हवा जास्त कशी कोंबायची हा आहे.

तिथं टर्बो कामाला येतो. सायलेन्सरकडं जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब साधारण १ बार. टर्बोनं वरून अजून १ बार दिला तर त्याच सिलिंडरमध्ये जवळजवळ दुप्पट हवा जाते. हे चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, आणि ते तेलाच्या पातळ थरावर फिरतं. म्हणून टर्बोच्या गाडीत इंजिन ऑइलला कंजूषपणा चालत नाही. गाडी जोरात पळवून आणली की लगेच चावी बंद करायची नाही, मिनिट-दोन मिनिट तशीच चालू ठेवायची. नाहीतर गरम टर्बोत तेल जागेवरच करपतं.

आता कोणती गाडी ताकदीला फळते, हे यावरूनच ठरतं. बिनटर्बोचं पेट्रोल इंजिन, उदाहरणार्थ जुनी होंडा सिटी व्हीटेक किंवा मारुतीची जुनी बलेनो, ही इंजिनं गोड असतात, फिरायला मजा येते. पण फिल्टर, सायलेन्सर, प्रोग्रॅमिंग सगळं बदललं तरी फरक थोडाच पडतो. जास्त हवं असेल तर हेड उघडायचं, कॅमशाफ्ट बदलायचा, म्हणजे मोठं काम. टर्बोच्या गाडीत मात्र नुसता ईसीयूचा प्रोग्रॅम बदलून ताकद वीस-तीस टक्क्यांपर्यंत वाढू शकते. कारण कंपनी जगभरातलं खराब पेट्रोल, उन्हाळा, डोंगराची उंची, मालकाचा हलगर्जीपणा हे सगळं धरून राखीव जागा ठेवते. रिमॅप करणारा त्या राखीव जागेत शिरतो.

राखीव जागा खाल्ली की मग चूक माफ होत नाही. पेट्रोलची प्रत कमी असली किंवा हवा फार गरम झाली तर ठिणगी पडायच्या आधी किंवा भलत्याच जागी पेट्रोल पेटतं. इंजिनातून चढावर टकटक आवाज येतो, त्याला नॉकिंग म्हणतात. हे थांबलं नाही तर पिस्टनला भोक पडतं किंवा रिंगा तुटतात. ईसीयूला सेन्सरवरून हे कळतं आणि तो ताकद कमी करून इंजिन वाचवतो. पण काही अर्धवट शिकलेले लोक ती सुरक्षाच बंद करून टाकतात, म्हणजे आकडा मोठा दिसतो. असल्या माणसाच्या हातात गाडी देऊ नका, तो कितीही ओळखीचा असला तरी.

रिमॅप केलेल्या गाडीला ९५ किंवा त्याच्या वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. इंडियन ऑइलनं डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचं पेट्रोल बाजारात आणलं, पण ते मोठ्या शहरांतल्या ठरावीक पंपांवरच मिळतं. तालुक्याच्या पंपावर ते मिळेल म्हणून बसू नका. इथेनॉलचीही एक गंमत आहे. आपल्याच उसाचं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात म्हणून गाडीवाले कुरकुर करतात, पण परदेशात शर्यतीवाले मुद्दाम ८५ टक्के इथेनॉलचं इंधन शोधतात, कारण इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो नि ते आतून थंडावा देतं. फक्त लिटरमागं त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळं जास्त इंधन सोडणारे इंजेक्टर नि पंप लागतात. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या गाड्या २० टक्के इथेनॉल धरून बनवलेल्या नव्हत्या. जुनी गाडी घेतली तर तिचे पेट्रोलचे रबरी पाइप नि सील आधी तपासून घ्या. पाइप चिरला आणि पेट्रोल गरम इंजिनावर पडलं, तर पुढचं सांगायला नको.

साखळीतली कच्ची कडी

एक जागा मजबूत केली की ताण पुढच्या जागेवर जातो. मोटार मोठी बसवली नि पाइपलाइन जुनीच ठेवली की कुठंतरी जोड फुटतोच, तसंच हे. इंजिनची ओढ वाढली की आधी क्लच घसरतो, मग गिअरबॉक्स, मग एक्सल.

पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली. १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन मीटर ओढ आणि ७ गिअरचा आपोआप बदलणारा डीएसजी गिअरबॉक्स. यातला क्लच कोरडा असतो आणि तो गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या ओढीसाठी बनवलेला आहे. हलका रिमॅप त्याला झेपतो, पण टर्बोच मोठा बसवला तर गिअरबॉक्स लवकरच हात वर करतो. त्यातला मेकाट्रॉनिक नावाचा भाग गेला तर दुरुस्तीचं बिल ऐकून खाली बसायची वेळ येते. भारी मॉडिफिकेशन करायचं असेल तर हाताच्या गिअरची गाडी बरी, कारण दणकट क्लच प्लेट नि प्रेशर प्लेट बसवली की काम भागतं. लिनिया टी-जेट १.४ लिटर टर्बोची, ११४ पीएस नि २०७ न्यूटन मीटर, पाच गिअर हाताचे. त्याच घराण्यातली अबार्थ पुंटो २०१५ ला १४५ पीएस घेऊन आली. गाड्या उत्तम, लोखंड जाड. अडचण एकच, फियाटनं आपल्याकडं गाड्या विकणं बंद करून बरीच वर्षं झाली, पार्ट शोधत फिरावं लागतं. २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस २३० पीएसची आहे. माझं मत विचाराल तर ती गाडी कंपनीनं दिलीय तशीच आपल्या रस्त्यांना नि आपल्या हातांना जास्त होते. तिला अजून वाढवून नेणार कुठं?

ब्रेक नि टायर आधी

बहुतेक पोरं पैसा घालतात तो उलट्या क्रमानं. आधी सायलेन्सर, मग रिमॅप, मग व्हील, आणि पैसे उरले तर ब्रेक. उरत काही नाहीत. खरं तर पहिला रुपया टायरला नि ब्रेकला जायला पाहिजे.

वेग वाढतो त्या मानानं गाडीतली ऊर्जा वर्गानं वाढते. ६० च्या वेगाला जी ऊर्जा ब्रेकला जिरवायची असते, १२० ला ती दुप्पट होत नाही, चौपट होते. १०० वरून १४० वर गेलात तरी जवळजवळ दुप्पट. १०० च्या वेगाला गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. समोर ऊसाची ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तरी २८ मीटर अंतर संपलेलं असतं, ब्रेक अजून लागायचाच आहे. आणि आपल्याकडच्या ट्रॉलीला मागं लाल दिवा नसतो हे काय नव्यानं सांगायचं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल निदान २३० अंशापर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर तेच १५५ अंशाच्या आसपास उकळू शकतं. घाटातून उतरताना दोन-चारदा जोरात ब्रेक मारले, ऑइल उकळलं, पाइपमध्ये वाफ धरली, की पायडल थेट खाली जातं नि गाडी थांबत नाही. म्हणून जुनी गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात ब्रेक ऑइल पूर्ण बदलून टाकायचं, मग दर दोन वर्षांनी. खर्च अगदी किरकोळ. घरच्या गाडीलाही हे लागू आहे.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असं लिहिलं असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलाय. नक्षी कितीही खोल दिसली तरी सहा-सात वर्षांच्या वरचा टायर वेगाला वापरू नका, रबर आतून कडक झालेलं असतं. आकाराच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. टी म्हणजे तो टायर १९० किलोमीटर वेगापर्यंतचा, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. समृद्धी महामार्गावर कारला सपाटीला १२० ची मर्यादा आहे, तिथंसुद्धा तापलेल्या सिमेंटवर जुने, हवा कमी-जास्त असलेले टायर फुटून किती अपघात झाले ते आपण वाचलंय. मग वेगासाठी मुद्दाम बनवलेल्या गाडीचं काय!

गाडी खाली बसवायची, म्हणजे लोअरिंगची, फॅशन आहे. दिसायला झकास दिसते. पण आपल्या गावचे स्पीडब्रेकर कुणी माप घेऊन केलेले नाहीत. खालचं ऑइल चेंबर दगडाला लागून फुटलं आणि तेलाचा दिवा लागूनही गाडी तशीच दामटली, तर दोन किलोमीटरमध्ये इंजिन जाम.

गाडी बघायला जाल तेव्हा

शक्यतो कुणीच हात न लावलेली गाडी घ्या. 'सगळं करून ठेवलंय, फक्त चालवायचं' असं म्हणून विकणारे पुष्कळ भेटतात. करून ठेवलंय म्हणजे नेमकं काय, कुणी केलं, बिलं कुठायत, कंपनीचे मूळ पार्ट कुठायत, एवढे चार प्रश्न विचारले की निम्मे गप्प होतात. दुसऱ्यानं ताणून सोडलेलं इंजिन आपण पुन्हा ताणायला घेणं म्हणजे पाय मोडलेला बैल शर्यतीसाठी विकत घेण्यातला प्रकार.

मालकाला आधीच सांगा, गाडी चालू करून ठेवू नका. थंड इंजिन आपल्यासमोर चालू करायचं. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर रेडिएटरचं पाणी आत जातंय, हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. टर्बोला जाणारा हवेचा पाइप काढून आत बोट फिरवा, तेल निथळत असेल तर टर्बोचं सील गेलंय. ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन जा आणि चारी सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. चारी आकडे जवळजवळ सारखे हवेत. एक जरी फार खाली असला तर गाडी सोडून द्या, दुसरी मिळेल. स्कॅनर लावून जुने एरर बघा. सगळे एरर कालच पुसलेले दिसले तर तेही एक उत्तरच आहे.

पुराच्या गाड्यांचं वेगळं सांगतो. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण-महाड, शेकडो गाड्या पाण्यात गेल्या. त्यातल्या कितीतरी धुऊनपुसून पुन्हा बाजारात आल्या असणार. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला मातीचा डाग राहिलेला असतो. सीटखालचे बोल्ट गंजलेत का, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, कार्पेटला वास येतो का, हे बघा. पाण्यात गेलेल्या गाडीचं वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही.

कागदाचं बोलायचं तर एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून आरसी, विमा, पीयूसी तपासता येतं. सातबाऱ्यावर बोजा असतो तसा आरसीवर बँकेचा बोजा असतो. तो असेल तर बँकेची एनओसी नि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे मोजू नका. ऑनलाइन चलनं थकलीत का तेही बघा. दिल्लीच्या गाड्या स्वस्त मिळतात, कारण तिथं डिझेलला १० नि पेट्रोलला १५ वर्षांच्या मर्यादेचं झंझट आहे. पण परराज्यातली गाडी आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते, १२ महिन्यांच्या वर इथं ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो धरून हिशेब करा, स्वस्ताई बऱ्याचदा तिथंच संपते. १५ वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी पुढं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, गाडी तपासणीला न्यावी लागते, पर्यावरण कर वेगळा. तपासणीला मॉडिफाय केलेली गाडी नेली तर ती पास होणं अवघड.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं, की कंपनीनं दिलेली नि आरसीत नोंदलेली माहिती बदलेल असा फेरफार मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हेच पक्कं केलं. परवानगीनं काही गोष्टी होतात. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून आरसीत नोंद करता येते, रंग बदलता येतो, परवानगीनं त्याच बनावटीचं इंजिन बसवता येतं. पण मोठा टर्बो, दुसऱ्याच गाडीचं इंजिन, कापलेली चॅसी याला रस्त्यावर जागा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक फेरफारामागं ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रत्येक फेरफारामागं, हे शब्द नीट वाचा. चार बदल असतील तर गुणाकार करा.

आवाजाच्या सायलेन्सरला नि प्रदूषणाला वेगळं कलम आहे, १९०. पहिल्या गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्स तीन महिने बाद. बुलेटचे सायलेन्सर काढून पोलिसांनी त्यावर रोलर फिरवल्याचे फोटो आपण बघतोच, कारचा सायलेन्सर त्यातून सुटत नाही. शिवाय आवाज मोठा करायला कॅटकॉन काढून टाकला की गाडी पीयूसीला नापास होते. आणि रस्त्यावर शर्यत लावणं हा कलम १८९ खाली गुन्हाच आहे. काही जण म्हणतात, आम्ही गावच्या मैदानावर नि गायरानात पळवतो, तो रस्ता थोडाच आहे. कायद्यातल्या सार्वजनिक जागेच्या व्याख्येत लोकांना जायचा हक्क असलेली प्रत्येक जागा येते. उद्घाटन न झालेला बायपासही शर्यतीचा ट्रॅक होत नाही, तिथं सकाळी म्हातारी माणसं फिरायला येतात.

अठराच्या आतल्या पोराच्या हातात गाडी दिली तर कलम १९९अ नुसार पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले, त्यानंतर हे कलम घराघरात माहीत झालं. ती गाडी मॉडिफाय केलेली होती असं नाही. पण दारात दोन-अडीचशे पीएसची गाडी उभी असेल तर चावी कुठं ठेवायची, याचा विचार घरातल्या मोठ्यांनी करायला पाहिजे.

विम्याचं कोडं

विमा कंपनी कंपनीत बनली तशा गाडीचा विमा उतरवते. बदल कळवले नाहीत आणि अपघात झाला, तर सर्व्हेअर येऊन सगळं लिहून नेतो आणि आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो किंवा फेटाळला जातो. बदल कळवावेत तर बेकायदा बदलांना कुणी विमा देत नाही. शिवाय साध्या पॉलिसीत शर्यत नि वेगाची चाचणी यात झालेलं नुकसान धरत नाहीत, म्हणजे ट्रॅकवर गाडी ठोकली तर तो खर्च आपलाच. सगळ्यात वाईट म्हणजे समोरचा माणूस गेला तर. त्याच्या कुटुंबाला भरपाई द्यावीच लागते, आणि पॉलिसीच्या अटी मोडल्याचं सिद्ध झालं तर कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करायला येऊ शकते. ती लाखांत असते, आणि मग जमिनीवर येतं.

मग पळवायची कुठं?

पळवायला जागा आहे, फक्त लांब आहे. कोइमतूरजवळ करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट. तिथं ट्रॅक डे असतात, फी भरून, हेल्मेट घालून आपली गाडी पळवता येते. स्पर्धेत उतरायचं तर देशातल्या मोटर स्पोर्टची मुख्य संस्था एफएमएससीआय हिचं लायसन्स काढावं लागतं. बैलगाडा शर्यतीलाही आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अटी-शर्ती लागतात, तसाच हा प्रकार. कोल्हापूर भागात गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे, तिथून शर्यतीचे चालक तयार झालेत. माझा सल्ला, गाडीवर पाच लाख घालण्याआधी दोन दिवस गो-कार्ट चालवून बघा. वळण कुठं धरायचं, ब्रेक कधी सोडायचा हे तिथं स्वस्तात शिकता येतं, आणि चुकलं तर टायरच्या भिंतीला धडकून हसत उठता येतं.

काही जण गाडी फक्त ट्रॅकपुरतीच ठेवतात. रस्त्यावर आणतच नाहीत, ट्रेलरवरून किंवा मोठ्या टेम्पोतून नेतात. भारी मॉडिफिकेशनचा कायद्यात बसणारा मार्ग हाच. खर्चिक आहे, पण मग टर्बो किती मोठा नि सायलेन्सर किती रिकामा हे विचारायला रस्त्यावर कुणी येत नाही. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर हात एवढ्यातच आखडावा : चांगले टायर कंपनीनं मान्य केलेल्या मापात, चांगले ब्रेक पॅड, ताजं ब्रेक ऑइल, नवे शॉकॉप आणि वेळेवर सर्व्हिसिंग. दहा वर्षं जुन्या गाडीत एवढ्यानंसुद्धा इतका फरक पडतो, की अर्ध्या पोरांची हौस तिथंच भागते.

मूळ पार्ट फेकू नका, पोत्यात भरून नाव घालून माळ्यावर ठेवा. ईसीयूची मूळ फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्या. कधीतरी गाडी विकायची वेळ येतेच, तेव्हा पुन्हा कंपनीसारखी करून विकली तर गिऱ्हाईक मिळतं.

आणि विकताना एक काम विसरू नका. फॉर्म २९ नि ३० वर सह्या करून चावी दिली म्हणजे सुटलो असं नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच भरपाईला मालक. नवा मालक ती गाडी पुन्हा रिमॅप करून हायवेवर पळवणार आणि चलन तुमच्या मोबाईलवर येणार. विकल्यावर १४ दिवसांत, आणि गाडी परराज्यात जाणार असेल तर ४५ दिवसांत, आरटीओला कळवा. घेणाऱ्याचं आधार नि लायसन्स, गाडी दिल्याची तारीख-वेळ हे स्टॅम्पवर लिहून घ्या आणि ॲपवर नाव बदललेलं दिसेपर्यंत दर आठवड्याला नंबर टाकून बघत राहा.